घाईत सोडलेल्या जागा: गेममधल्या लक्षात राहणाऱ्या एरियांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यापासून पेडण्यापर्यंत गेम खेळणारी जी मंडळी ओळखीची आहेत ती फिरून फिरून मला तेच प्रश्न पाठवतात, आणि दर चतुर्थीच्या सुट्टीत नवीन कोणीतरी मोठा गेम सुरू करून परत पहिल्यापासून विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. जिथं कथा फुटते (पुढं काय होतं ते आधीच कळतं) तिथं उत्तराच्या सुरुवातीलाच सांगितलंय, तो गेम खेळायचा बाकी असेल तर तेवढं उत्तर सोडून द्या.

१. "लवकर सोडलेला एरिया" म्हणजे नक्की काय? मिशन संपलं की पुढं जायचंच असतं ना?

जायचं असतंच. पण जुन्या गोव्याला टुरिस्ट लोक कसे येतात ते बघा. बॅसिलिकासमोर उतरतात, फोटो काढतात, आत एक फेरी मारतात आणि परत गाडीत. तिथनं चालत जाण्याइतक्या अंतरावर टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा अर्धा कोसळलेला जांभ्या दगडाचा मनोरा आहे, खाली चर्चच्या जमिनीत अजून थडग्यांचे कोरीव दगड आहेत, आणि बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नसतं. गेममध्ये आपण तसेच टुरिस्ट होतो. कोणीतरी महिनोन् महिने बसून एक गल्ली बनवली, खिडकीत वाळत घातलेले कपडे ठेवले, दोन म्हाताऱ्यांचं भांडण लिहिलं, आणि आपण नकाशावरच्या ठिपक्याच्या मागं धावत ती गल्ली वीस सेकंदांत पार केली.

यात दोन प्रकार आहेत. काही जागा मागून बंद होतात, परत जाता येतच नाही. आणि काही उघड्याच असतात पण आपण परत जात नाही. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकारात जास्त नुकसान होतं, कारण तिथं अडवणारं कोणी नसतं.

२. पण गेमच ढकलतो ना! ठिपका चमकतोय, सोबतचं पात्र ओरडतंय "चल लवकर", मग थांबायचं कसं?

ढकलतो, मान्य. पण बहुतेक वेळा ती घाई नुसती बोलण्यातली असते. सोपी टेस्ट सांगतो, जागेवर उभे राहा आणि दोनतीन मिनिटं काहीच करू नका. सोबतचं पात्र तीच दोनतीन वाक्यं परत परत बोलायला लागलं की समजा घड्याळ चालू नाहीये, बिनधास्त फिरा. खरंच घड्याळ असतं तेव्हा ते बहुधा स्क्रीनवर दिसतं. न दिसणारी घड्याळंही काही गेममध्ये आहेत, ती प्र. ११ मध्ये.

दुसरं म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन मिनीमॅप बंद करा. द विचर ३ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ दोन्हीत ते करता येतं. कोपऱ्यातला गोल गेला की पहिला अर्धा तास चुकल्यासारखं वाटतं, मग हळूहळू रस्त्यावरच्या पाट्या वाचायची सवय लागते, डोंगराच्या आकारावरून दिशा कळायला लागते, आणि तो एरिया पहिल्यांदा खऱ्या अर्थानं दिसतो.

३. परत येता येणार नाही हे आधी कसं ओळखायचं? प्रत्येक वेळी नेटवर बघितलं की कथा फुटते.

खुणा ठरलेल्या आहेत. एकाच खोलीत अचानक भरपूर बंदुकीच्या गोळ्या आणि औषधं ठेवलेली दिसली, कोणी विचारलं "तयारी झाली का", दार ढकलायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, लिफ्ट किंवा बोट आली, किंवा इतकी उंच उडी आहे की खालून परत चढायला काहीच दिसत नाही, तर थांबा. वेगळ्या स्लॉटमध्ये हातानं सेव्ह करा, ऑटोसेव्हवर भरवसा नको कारण ते पुढच्या दाराशी जुनं पुसून टाकतं. ज्या गेममध्ये हातानं सेव्हच करता येत नाही तिथं निदान चॅप्टर सिलेक्ट (झालेला चॅप्टर परत उघडायची सोय) आहे का ते मेन्यूत आधी बघून ठेवा.

सगळ्यात जुनं आणि सोपं उदाहरण पोकेमॉन रेड आणि ब्लूमधलं एस. एस. अ‍ॅन जहाज. कॅप्टनकडून कट (झाडं कापायची चाल) मिळाला आणि तुम्ही खाली उतरलात की जहाज निघून जातं, परत येत नाही. वरच्या खोल्यांतले किती ट्रेनर तसेच राहून जायचे. (बंदरावरच्या ट्रकखाली म्यू आहे ही गोष्ट आम्ही शाळेत शपथेवर सांगायचो. ती खोटी आहे, ट्रकखाली काही नाही.)

४. सुरुवातीचा एरिया तर ट्युटोरियल असतो, त्यात काय फिरायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जास्त कळकळ याचीच आहे. पहिला एरिया छोटा असतो, म्हणून बनवणाऱ्यांना त्याच्या कानाकोपऱ्यात लक्ष घालता येतं. द विचर ३ (२०१५) मधलं व्हाइट ऑर्चर्ड घ्या, नुकतंच युद्ध होऊन गेलेलं गाव, झाडाला लटकवलेली प्रेतं आणि शेजारी फुललेल्या बागा. तिथल्या वैदू बाईच्या झोपडीत एक मुलगी मरायला टेकलेली असते, तुम्ही तिच्यासाठी काय ठरवता त्याचं उत्तर खूप पुढं वेलेन नावाच्या प्रदेशात मिळतं. सरळ मुख्य मिशनमधला ग्रिफिन राक्षस मारून निघून गेलात तर तो धागा हाताला लागतच नाही. व्हाइट ऑर्चर्डला नंतर परत जाता येतं, तरी पहिल्याच खेपेला नीट बघा, कारण पुढं तुमची ताकद इतकी वाढते की तिथली भीती उरत नाही.

असॅसिन्स क्रीड ओडिसी (२०१८) मधलं केफलोनिया बेट तर मुद्दाम परत जाऊन बघण्यासारखं. (कथा फुटतेय.) तिथं तापाची साथ आलेल्या गावातलं एक कुटुंब वाचवायचं की नाही हे तुम्ही ठरवता. वाचवलंत तर तुम्ही बेट सोडल्यावर साथ सगळीकडं पसरते. ज्यांनी दया दाखवून बोट काढली आणि मागं वळून बघितलंच नाही त्यांना हे शेवटपर्यंत कळत नाही.

आउटर वाइल्ड्स (२०१९) ची गोष्ट वेगळी. पुढं तुम्ही २२ मिनिटांच्या चक्रात अडकता, तीच २२ मिनिटं परत परत, पण यानाचा लाँच कोड घेऊन म्युझियममधल्या पुतळ्यासमोर जाईपर्यंत घड्याळ चालू झालेलं नसतं. म्हणजे तुमचं गाव, ते म्युझियम, शेकोटीपाशी बसलेले शेजारी, यांच्याशी निवांत बोलायला मिळणारा तो एकच काळ. आणि बहुतेक जण म्युझियममधनं पळत यानाकडं जातात.

५. फायनल फॅन्टसी ७ मधल्या मिडगारबद्दल सगळे एवढं का बोलतात? आम्ही तर काही तासांत बाहेर पडलो.

म्हणूनच बोलतात. (जुन्या गेमची कथा थोडी फुटेल.) १९९७ च्या गेममध्ये मिडगार हे शहर म्हणजे अख्खं जग वाटतं, वर लोखंडी प्लेटवर श्रीमंत, खाली सावलीत झोपडपट्टी, वर बघितलं तर आकाशाच्या जागी लोखंड. शहराच्या एका भागाची, सेक्टर ७ ची, प्लेट कोसळते तेव्हा तुम्ही ज्यांच्याशी बोलला होता तीच माणसं खाली असतात. मग शहराबाहेर पडता, समोर जगाचा नकाशा उघडतो, आणि कळतं की इतका वेळ आपण त्या नकाशावरच्या एका छोट्या डागात होतो. तो धक्का मुद्दाम दिलेला आहे आणि अजून चालतो. पण त्या उत्साहात मिडगार मागं पडतं ते पडतंच. बोन व्हिलेज नावाच्या गावात खणून सेक्टर ५ ची किल्ली मिळते आणि शेवटी शेवटी परत आत जाता येतं, हे खेळून संपवलेल्या बऱ्याच जणांनाही माहीत नसतं. २०२० मध्ये रिमेकचा पहिला भाग आला तो अख्खा गेम याच एका शहराचा होता, तेव्हा घाईत निघून गेल्याची खंत किती जणांना होती ते समजलं.

क्रोनो ट्रिगर (१९९५) मधलं झील याहून चटका लावणारं. ढगांवर तरंगणारं जादूचं राज्य, लोक पुस्तकांत आणि स्वप्नांत बुडालेले, खाली बर्फात जादू नसलेली माणसं गुहेत राहतात. थोडा वेळ तिथं असता आणि मग सगळं समुद्रात जातं, कायमचं. काळातनं हवं तिथं जायची सोय असलेल्या गेममध्ये इथं मात्र परत जाता येत नाही, नवीन खेळ सुरू केल्याशिवाय. तिथल्या प्रत्येकाशी बोलून घ्या, एकही सोडू नका.

६. अनचार्टेड लॉस्ट लेगसीमधला वेस्टर्न घाट खरंच आपला सह्याद्री आहे का? आणि तिथं थांबण्यासारखं काय आहे?

आपलाच, म्हणजे कर्नाटकच्या बाजूचा, आणि त्यात कल्पनेची भर भरपूर. २०१७ च्या या गेमचा चौथा चॅप्टर म्हणजे जीप घेऊन मोकळं फिरायचा एक मोठा एरिया, मधे बुरूज, बाजूला तीन किल्ले, धबधबे, चिखल, चढ लागला की विंच लावून जीप ओढायची. मी पहिल्या वेळी तीन किल्ले उरकले आणि पुढं गेलो, सगळा मिळून एका संध्याकाळचा खेळ. परत खेळलो तेव्हा पावसाळा होता, बाहेर तसलाच हिरवा रंग, आणि मग काही मी तिथनं हललो नाही.

थांबायचं कारणही गेमनंच दिलंय. एरियाभर ११ होयसळ टोकन विखुरलेली आहेत, प्रत्येकासाठी एक छोटं कोडं नाहीतर मारामारी. सगळी गोळा केली की राणीचं माणिक असलेलं कडं मिळतं आणि ते घातलं की पुढच्या चॅप्टरमध्ये सुद्धा खजिना जवळ आला की ते इशारा देतं. पण माझ्या मते कडं दुय्यम. खरी गंमत म्हणजे गेममधल्या दोघी नायिका, क्लोई आणि नदीन, जीपमध्ये जे बोलतात ते. सुरुवातीला दोघींचं पटत नाही, आणि ती हळूहळू होणारी ओळख याच रस्त्यांवर होते. सरळ गेलात तर पुढं त्या एकमेकींसाठी जीव का टाकतात ते तेवढं लागत नाही.

एकदा हा चॅप्टर सोडला की कथेत परत येता येत नाही, चॅप्टर सिलेक्टनंच यावं लागतं.

गेममधली देवळं आणि पुतळे खऱ्यापेक्षा कितीतरी अवाढव्य आहेत. खऱ्या होयसळ देवळांची कमाल बारीक कोरीवकामात आहे, मऊ दगडात दागिन्यासारखं काम. बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर २०२३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. आणि तेवढं लांब जायचं नसेल तर आपल्या तांबडी सुर्लाला जा, महादेवाचं कदंबकालीन देऊळ, आजूबाजूला तेच जंगल, तीच ओल. तिथंसुद्धा लोक पाया पडून दहा मिनिटांत निघतात. आतल्या खांबाच्या पायथ्याशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलाय, तो शोधा.

७. दादा, जीटीए सॅन अँड्रियासमध्ये सुरुवातीची शहरातली गल्ली, ग्रोव्ह स्ट्रीटच खरा गेम, मधला गावाकडचा भाग बोअर आहे ना?

नाही, आणि यावर मी कोणाशीही वाद घालीन. आमच्या वेळी म्हापशात सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं खेळायचो, त्यामुळं सगळा वेळ ग्रोव्ह स्ट्रीटवर गाड्या उडवण्यात जायचा आणि कोणाचंच सेव्ह टिकायचं नाही. (कथा फुटतेय.) द ग्रीन सेबर मिशननंतर सीजेला, म्हणजे आपल्या पात्राला, शहरातनं उचलून गावाकडच्या एंजेल पाइनजवळ टाकून देतात, हातातलं सगळं गेलेलं. तोपर्यंत जिंकलेले गल्लीबोळ पण जातात, म्हणून त्याआधी टेरिटरी जिंकण्यात रात्र घालवू नका.

मग समोर काय, तर धुकं, ओंडके वाहणारे ट्रक, माउंट चिलियाड डोंगर, आणि रेडिओ सोडून कोणी सोबतीला नाही. बहुतेक जण सॅन फिएरो या पुढच्या शहराकडं पळतात. दोनतीन संध्याकाळी तिथंच काढा. सायकल घेऊन चिलियाडच्या माथ्यावर पहाटे पोचा, २००४ चा गेम आहे, ग्राफिक्स जुने झालेत, तरी एकटं पडल्याची जी भावना आहे ती नवीन गेमना अजून तशी जमत नाही.

८. शत्रू नसलेला भाग आला की मला झोप येते. तो स्किप केला तर काय बिघडतं?

पुढच्या मारामारीचं वजन जातं. बायोशॉक इन्फिनिट (२०१३) मध्ये ढगांतल्या कोलंबिया शहरात पोचल्यावर सुरुवातीला कोणीच अंगावर येत नाही. जत्रा आहे, खेळ आहेत, तरंगत्या नावेवर उभं राहून गाणारे चौघे आहेत. नीट फिरलात तर त्या गोडव्याखालचं कुजकं काय ते भिंतीवरच्या चित्रांत आधीच दिसायला लागतं. लॉटरीच्या त्या क्षणानंतर शहर तसं परत कधीच मिळत नाही.

हाफ लाइफ २ (२००४) मध्ये डॉग नावाच्या रोबोबरोबर ग्रॅव्हिटी गननं (वस्तू ओढून फेकणारी बंदूक) चेंडू फेकाफेकी करायचा भाग पण तसाच, लोक दोन मिनिटांत आटपतात. त्यानंतरचा चॅप्टर रेव्हनहोम, झॉम्बींनी भरलेलं अंधारं गाव. आधी हसून घेतलेलं असलं की तो अंधार जास्त लागतो.

९. आणि भीती वाटते म्हणून पळालो तर?

तर पळा, त्यात काही चूक नाही, पण नंतर परत एकदा जा. रेव्हनहोममध्ये धावत सुटलं की गोळ्या संपतात आणि एरिया अवघडच वाटतो. थांबून बघितलं की कळतं, करवतीची पाती, रंगाचे डबे, गॅसच्या टाक्या, सगळं फेकायला मांडून ठेवलंय, आणि तिथल्या पाद्र्याचे, फादर ग्रिगोरीचे, सापळे नुसते बघण्यासारखे आहेत.

डार्क सोल्स (२०११) मधला अ‍ॅश लेक त्याहून लपलेला. ब्लाइटटाउन या एरियात एकामागं एक दोन खोट्या भिंती, मग एका पोकळ झाडातनं खाली, खाली, खाली. आणि तळाशी राखेचा किनारा, स्थिर पाणी, लांबवर आकाशाला टेकलेली झाडं. शेकोटी पेटवून लगेच वर निघतात लोक, कारण "पुढं काही नाही". थोडा वेळ चाला त्या किनाऱ्यावर.

१०. आयटम सुटतात का? त्याचीच भीती जास्त आहे.

सुटतात. सायबरपंक २०७७ (२०२०) मध्ये द हाइस्ट मिशनमध्ये कोनपेकी प्लाझा हॉटेलात एकदाच नीट जायला मिळतं. पलंगाशेजारी कोंगू पिस्तूल आणि बाहेर उतरलेल्या यानात सातोरी तलवार, तेव्हाच घेऊन ठेवा. रेझिडेंट ईव्हिल व्हिलेज (२०२१) मध्ये दिमित्रेस्कू किल्ल्यातनं बाहेर पडलात की परत आत नाही, तिथलं सगळं आधी उचला.

बाल्डर्स गेट ३ (२०२३) बद्दल गोंधळ फार आहे. पुढं जायला डोंगराचा रस्ता आणि जमिनीखालचं अंडरडार्क यातलं एकच निवडायचं असं लोक समजतात. दोन्ही करता येतात, आणि करावेतच. दुसऱ्या अंकातल्या सावलीच्या शापाच्या प्रदेशात शिरल्यावर पण सुरुवातीला मागं येता येतं, मात्र अर्धवट सोडलेली काही कामं तोवर आपोआप निकालात निघालेली असतात. तिसऱ्या अंकात पाय ठेवला की आधीचे दोन्ही अंक बंद.

११. उलटं पण होतं का, जास्त थांबल्यामुळं नुकसान?

होतं. ड्रॅगन एज इन्क्विझिशन (२०१४) मधलं हिंटरलँड्स हे प्रसिद्ध उदाहरण, लोक पहिल्याच एरियात मेंढ्याचं मांस गोळा करत इतके तास बसले की गेम बनवणाऱ्यांच्याच बाजूनं सांगायची वेळ आली, बाबांनो पुढं जा, नंतर परत येता येतं. यादी संपवणं म्हणजे एरिया बघणं नव्हे.

आणि ती न दिसणारी घड्याळं. डेउस एक्स ह्युमन रिव्होल्यूशन (२०११) मध्ये पहिल्या मिशनला बोलावलेलं असताना ऑफिसात फार वेळ रेंगाळलात तर ओलीस मरतात, खरोखर. मास इफेक्ट २ (२०१०) मध्ये (कथा फुटतेय) जहाजावरची माणसं पळवून नेल्यावर तुम्ही भलतीच मिशन करत बसलात तर ती वाचत नाहीत. बाल्डर्स गेट ३ मध्ये जळणारी खानावळ बघून झोपायला गेलात तर सकाळी उशीर झालेला असतो. सरळ हिशेब आहे, कोणाचा जीव धोक्यात असेल तर आधी ते काम, फिरणं नंतर.

१२. बंद होत नाही पण बदलतो असा एरिया कुठला?

एल्डन रिंग (२०२२) मधलं लेंडेल. (शेवटाकडची कथा फुटतेय.) फारूम अझुला या एरियात मलिकेथ या बॉसला हरवलं की सोन्यासारखं ते शहर राखेत बुडतं, गल्ल्या गाडल्या जातात, वस्तू गेल्या त्या गेल्या. त्याआधी एक पूर्ण संध्याकाळ नुसती गच्च्यांवरून फिरायला ठेवा.

रेड डेड रिडेम्प्शन २ (२०१८) मध्ये जागा राहते, माणसं बदलतात. दुसऱ्या चॅप्टरमधला हॉर्सशू ओव्हरलूकचा आपल्या टोळीचा कॅम्प मला फार प्रिय आहे. रात्री शेकोटीभोवती गाणी, कोणी पत्ते खेळतंय, सगळे अजून एकमेकांवर विश्वास ठेवणारे. तंबू पुढं हलले की तो सूर परत येत नाही. मिशन न करता आठवडाभर फक्त कॅम्पमध्ये जेवा, लोकांच्या गप्पा ऐका. पाचव्या चॅप्टरमधलं ग्वार्मा बेट मात्र प्र. ३ मधल्या प्रकारातलं, निघालात की संपलं.

आणि हॉलो नाइट (२०१७). सिटी ऑफ टियर्समध्ये सतत पाऊस पडतो, जमिनीखालच्या शहरात पाऊस कुठनं, तर त्याच्या डोक्यावर ब्लू लेक नावाचं तळं आहे, तेच झिरपतंय. गेम हे कुठं पाटी लावून सांगत नाही, वर जाऊन तळं बघितलं की आपलं आपल्यालाच कळतं. आम्ही जूनपासून कौलांवरचा पाऊस ऐकत मोठे झालेली माणसं, मला तर त्या शहराच्या खिडकीतनं पाय निघत नाही. (पुढचं वाक्य कथा फोडतं.) वाटेत अधूनमधून भेटणाऱ्या क्विरेल या प्रवाशाचा प्रवास संपल्यावर तो त्याच तळ्याकाठी बसलेला भेटतो, आणि नंतर परत गेलात तर काठावर फक्त त्याचं शस्त्र असतं.

१३. नोकरी, घर, सगळं सांभाळून मला दिवसाला एक तास मिळतो. रेंगाळत बसलो तर गेम संपणार कधी?

कदाचित उशिरा संपेल. मी पण तासभरच खेळतो आता. माझी पद्धत अशी, शेवटची दहा मिनिटं मिशन हातात घेत नाही. धावायचं बटण सोडतो, चालत एखाद्या उंच जागी जातो, आवाज थोडा वाढवतो आणि तिथंच सेव्ह करतो. दुसऱ्या दिवशी गेम तिथनं सुरू होतो आणि आदल्या दिवशी काय करत होतो ते पण लगेच आठवतं. पावसात लाइट गेली तरी सेव्ह झालेलं असतं, तो एक वेगळा फायदा.

१४. एकच गेम सुचवा जिथं हे सगळं शिकता येईल.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७), त्यातलं ग्रेट प्लॅटो, म्हणजे सुरुवातीचं पठार. चार श्राइन (कोड्यांच्या छोट्या जागा) केली की पॅराग्लायडर मिळतो आणि अख्खा हायरूल प्रदेश मोकळा. मिळाल्या मिळाल्या उडी मारू नका. तिथं भेटणाऱ्या म्हाताऱ्याची झोपडी शोधा, त्याची डायरी वाचा, थंडीत वर जायचं तर तिखट घालून काय शिजवायचं ते स्वतः करून बघा, पडक्या मंदिरामागं काय आहे ते बघा. मग कड्यावर या, आणि मग उडी.